रॉयल क्रेसेंट, बाथ : एका दर्शनी भिंतीमागची तीस घरे

ओसरी

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील बाथ या गावी चंद्रकोरीच्या आकाराची जी इमारत आहे, तिची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. समोर उतरती हिरवळ, मधासारख्या रंगाचा घडीव दगड, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न तुटता गेलेली स्तंभांची रांग. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा एखाद्या उमरावाचा राजवाडा वाटतो. प्रत्यक्षात एकमेकांना खेटून बांधलेली ती तीस स्वतंत्र घरे आहेत. गेली काही वर्षे मी जवळच्याच गावी राहत असल्याने ही इमारत अनेकदा, निरनिराळ्या ऋतूंत आणि मुख्य म्हणजे पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. तिच्या रचनेविषयी मराठीत सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात ओळीने चार जॉर्ज बसले. त्यावरून त्या काळातील वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात. या शैलीतील शहरी घर, म्हणजे टाउनहाउस, आडवे पसरत नाही, उभे वाढते. रस्त्यालगतची जागा महाग असल्यामुळे घराची रुंदी दोन किंवा तीन खिडक्यांपुरतीच मिळते, आणि मग तळघरापासून पोटमाळ्यापर्यंत एकावर एक मजले चढवून संसार मांडावा लागतो. तळघरात स्वयंपाकघर आणि नोकरांचा वावर, तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दिवाणखाना, त्यावर झोपण्याच्या खोल्या आणि अगदी वर, छपराच्या उतारात, नोकरांची अंथरुणे. ही सगळी उतरंड बाहेरून खिडक्यांच्या उंचीवरून वाचता येते: पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच आणि वर जावे तसतशा आखूड. समाजातील पायऱ्या इतक्या उघडपणे भिंतीवर मांडणारी दुसरी घरे मी क्वचितच पाहिली आहेत.

एकाच नावाच्या दोन वास्तुकारांनी, जॉन वुड पिता आणि जॉन वुड पुत्र यांनी, बाथचा चेहरामोहरा घडवला. थोरल्या वुडने १७२८ मध्ये क्वीन स्क्वेअरचे काम सुरू केले. (आपल्याकडे शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले, काळ डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून हे सांगतो.) त्या चौकाच्या उत्तर बाजूला त्याने वेगवेगळ्या मालकांच्या घरांना एकच राजवाडी दर्शनी भाग दिला. त्यानंतर १७५४ मध्ये त्याने घरांच्या वर्तुळाकार रांगेचा, म्हणजे ‘सर्कस’चा, पाया घातला आणि त्याच वर्षी तो वारला. सर्कस मुलाने पूर्ण केली आणि १७६७ ते १७७४ या काळात वडिलांच्याही पुढे जाऊन रॉयल क्रेसेंट उभारले. सर्कसमध्ये डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन असे प्राचीन ग्रीक वळणाचे तीन प्रकारचे स्तंभ तीन मजल्यांवर एकावर एक रचलेले आहेत. धाकट्या वुडने ही गर्दी काढून टाकली. त्याने तळमजला पूर्ण साधा ठेवला आणि वरच्या दोन्ही मजल्यांना कवेत घेणारे एकाच प्रकारचे भव्य आयोनिक स्तंभ, भिंतीत अर्धवट गुंतवलेले, एकूण ११४, ठरावीक अंतराने लावले. सुमारे दीडशे मीटर लांबीच्या वळणावर अलंकार म्हणून जवळजवळ तेवढेच आहे. फक्त मधल्या घरापाशी जोडस्तंभ आणि कमानदार खिडकी घालून त्याने मध्य कोठे आहे एवढे दाखवले आहे.

आता या धाग्याच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वुडने ही तीस घरे स्वतः बांधली नाहीत. त्याने जमीन मोठ्या जमीनदाराकडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली, दर्शनी भागाचा नकाशा ठरवला आणि एकेका घरापुरती जागा पोटपट्ट्याने पुढे दिली. घेणाऱ्यावर अट एकच होती, की पुढची भिंत नकाशाबरहुकूम झाली पाहिजे. त्या भिंतीमागे खोल्या किती, जिना कोठे, छताची उंची किती, मागची भिंत सरळ की फुगीर, हे ज्याचे त्याने आपल्या मिस्त्रीकडून ठरवून घ्यावे. म्हणून समोरून पाहिले असता एकाही घराची हद्द सहज सापडत नाही, आणि मागे जाऊन पाहिले तर दोन शेजारी घरांचे छप्परसुद्धा एका रेषेत येत नाही. मागे घडीव दगडाऐवजी बराचसा अनघड दगड आहे. कोठे बाहेर काढलेला सज्जा, कोठे मागाहून जोडलेली खोली, कोठे अधांतरी वाटणारे नळ.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. अर्धलंबगोलाच्या आतल्या बाजूला दर्शनी भाग असल्यामुळे दोन घरांमधील सामाईक भिंती मागे जाताना एकमेकींपासून दूर सरकतात. प्रत्येक घर पुढे अरुंद आणि मागे रुंद, थोडेसे पाचरीसारखे होते. आतल्या कारागिरांनी हा तिरकसपणा गिलाव्यात, लाकडी पट्ट्यांत आणि कपाटांच्या खोलीत इतक्या हुशारीने जिरवला आहे, की दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला खोली काटकोनी वाटावी.

माझे मत असे आहे, की जॉर्जियन टाउनहाउसची खरी वास्तुकला स्तंभांत किंवा प्रमाणांत नसून या करारात आहे: पुढची भिंत गावाची, मागची घराची. आपण काय म्हणता, ते वाचायला आवडेल.

पाऊलवाट

लेख आवडला, परंतु शेवटच्या विधानाशी मी सहमत नाही. ज्या इमारतीचा पुढचा भाग एक सांगतो आणि आतली रचना दुसरेच सांगते, तिला आपण वास्तुकला म्हणावी की नेपथ्य? पुण्या-वाईच्या जुन्या वाड्यांत नेमके उलट दिसते. रस्त्याच्या बाजूला भक्कम, बरीचशी बंद भिंत आणि दिंडी दरवाजा. सारे वैभव आतल्या चौकात, नक्षीदार खांबांत आणि महिरपींत. घराचे सौंदर्य घरच्या माणसांसाठी असावे, ही भूमिका मला अधिक प्रामाणिक वाटते. मागची बाजू कोणी पाहणार नाही म्हणून अनघड दगडात उरकायची, हा फक्त खर्चाचा हिशेब झाला.

ओसरी

खर्चाचा हिशेब त्यात होताच, हे मान्य. परंतु तेवढेच नव्हते. बाथचे गरम पाण्याचे झरे रोमन काळापासून प्रसिद्ध आहेत, आणि अठराव्या शतकात हवापालट व भेटीगाठी यांसाठी तेथे हंगामापुरते घर भाड्याने घेण्याची रीत होती. म्हणजे या घरांत राहणारे बरेचसे लोक पाहुणे होते. काही महिन्यांसाठी आलेल्या माणसाला स्वतःचा राजवाडा परवडत नाही, पण तिसाव्या हिश्शाचा राजवाडा परवडतो. ते वैभव भाडेकरूंनी वाटून घेतले होते आणि समोरून चालत जाणाऱ्याला फुकट मिळत होते. वाड्याचा चौक मलाही प्रिय आहे. तो पाहायला मात्र आत बोलावणे यावे लागते. क्रेसेंटच्या बाबतीत बोलावण्याची गरज नाही. सर्कसपासून ब्रॉक स्ट्रीटने चालत निघालात, तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत काहीही दिसत नाही, आणि कोपरा वळताच सबंध कोर एकदम समोर उघडते. वुडने हे ठरवून केले आहे आणि ते पायी येणाऱ्या प्रत्येकासाठी केले आहे.

हिरवळीचेही तसेच आहे. घरांपुढची हिरवळ आणि खालचे कुरण यांच्यामध्ये एक खोलगट चर असून त्याच्या एका बाजूला उभी भिंत आहे. पूर्वी खालच्या कुरणात गुरे चरत. ती वर येऊ शकत नसत, आणि घरातून पाहणाऱ्याला मध्ये कुंपणही दिसत नसे. शहरातल्या घराला खेड्याचा देखावा मिळावा, यासाठी केलेली ही योजना आहे.

तावदान

खिडक्यांविषयी थोडी भर घालतो, कारण या शैलीचा प्राण माझ्या मते तेथे आहे. वरखाली सरकणाऱ्या या खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंना पोकळ पेट्या असतात. त्यांत दोरीला बांधलेली वजने कप्पीवरून लोंबत असतात आणि ती झडपेच्या वजनाशी तोललेली असल्यामुळे एका हाताने भली मोठी झडप उचलता येते. झडपेत लहान लहान तावदाने का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्या काळी चांगली काच फुगवून, मग गरगर फिरवून तिची सपाट चकती करीत असत. चकतीच्या मध्यभागी नळीची गाठ राहत असे, म्हणून तेवढा भाग सोडून उरलेल्या काचेतून जे तुकडे निघतील त्यांचाच आकार तावदानाला मिळे. या काचेचा पृष्ठभाग किंचित लहरी असतो, त्यामुळे समोरचे आभाळ प्रत्येक तावदानात वेगळे दिसते. सपाट यंत्रकाच बसवली की तीच खिडकी निर्जीव वाटू लागते.

बुजवलेल्या खिडक्यांविषयी एक गैरसमजही दूर व्हावा. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या बुजवल्या, हे खरे आहे. परंतु जॉर्जियन घरांवर दिसणारी प्रत्येक आंधळी खिडकी करापायी बुजवलेली नसते. आत धुराडे किंवा सामाईक भिंत आली, तर तेथे खरी खिडकी काढताच येत नसे. मग बाहेरची सममिती बिघडू नये म्हणून बांधतानाच खिडकीच्या आकाराचा कोनाडा ठेवीत. पुढची भिंत गावाची, या ओसरींच्या म्हणण्याला हा चांगला पुरावा आहे.

एकोणिसाव्या शतकात मोठी काच स्वस्त झाली, तेव्हा क्रेसेंटमधील अनेक घरमालकांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांचा खालचा काठ तोडून त्या खाली वाढवल्या आणि मधल्या लाकडी पट्ट्या काढून टाकल्या. आजही समोर उभे राहून नीट पाहिले, तर हा फरक घरागणिक दिसतो. पहिल्या क्रमांकाच्या घरात मात्र जीर्णोद्धाराच्या वेळी खिडक्यांना मूळचे रूप परत दिले आहे.

नदीकाठ

मी अशाच एका जॉर्जियन घराचे मजले वेगवेगळे करून केलेल्या फ्लॅटमध्ये चार वर्षे भाड्याने राहिले. घर क्रेसेंटमधले नव्हते, जवळच्याच एका उतारावरच्या रांगेतले होते. माझा फ्लॅट म्हणजे पूर्वीचा दिवाणखाना, लाकडी पडदी घालून दोन खोल्यांत विभागलेला. छताची सुंदर कंगणी, म्हणजे भिंतीच्या माथ्याची नक्षीदार पट्टी, त्या पडदीपाशी मध्येच कापली जाऊन पलीकडच्या खोलीत पुन्हा सुरू होत असे, आणि रोज रात्री झोपताना ते पाहून मन खट्टू होई.

पहिल्याच हिवाळ्यात मागच्या भिंतीवर ओल आली. मालकाने आणलेल्या ठेकेदाराने बाहेरून दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या आणि आतून प्लास्टिकसारखा चकचकीत रंग दिला. पुढच्या वर्षी ओल दुप्पट झाली, आणि भिंतीत गाडलेल्या लाकडी पट्ट्या कुजल्याचा वास खोलीभर पसरला. तक्रार केल्यावर पुन्हा तोच ठेकेदार तोच उपाय घेऊन आला. मला तेव्हा कारण कळत नव्हते. येथे कोणी जाणकार असतील तर त्यांनी ते सांगावे.

चुनेगच्ची

नदीकाठ ताई, कारण सरळ आहे आणि ते मी आपल्याकडच्या वाड्यांतही अनेकदा पाहिले आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल आत घेते आणि दरजांवाटे पुन्हा बाहेर सोडते. दरज नेहमी दगडापेक्षा मऊ असली पाहिजे, म्हणजे झीज झाली तर ती दरजेची होते आणि काही दशकांनी दरज पुन्हा भरता येते. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि पाण्याला बंद. ते भरले की ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही आणि दगडातून वाट काढते. थंडीत ते पाणी गोठून फुगले की दगडाचा चेहरा पापुद्र्याने सुटतो आणि सिमेंटची दरज मात्र जाळीसारखी पुढे उभी राहते. आतून बंद रंग दिल्यावर उरलेली वाटही बुजते. तुमच्या घराला तोच चुना हवा होता, ज्याने ते बांधले गेले होते. वाईकडच्या एका वाड्याच्या दुरुस्तीत मी घाण्यात मळलेल्या चुन्याचा गिलावा केला होता. तेथील जुन्या गवंड्याने भिंतीवर ओला हात ठेवून “हिला श्वास घेऊ द्या” एवढेच सांगितले होते, आणि बाथच्या भिंतीलाही मी त्याहून वेगळा सल्ला देणार नाही.

बाथचा दगडही समजून घेण्यासारखा आहे. तो बारीक गोल कणांचा चुनखडक आहे. खाणीतून नवा काढलेला असताना करवतीने कापता येण्याइतका मऊ असतो आणि उघड्यावर राहिल्यावर वरून घट्ट होतो. राल्फ ॲलन नावाच्या उद्योजकाने कूम डाउन येथील खाणी विकसित केल्या आणि दगड खाली आणण्यासाठी लाकडी रुळांचा मार्ग बांधला. त्यामुळे थोरल्या वुडला हा दगड मुबलक मिळाला. मात्र हा दगड खाणीत ज्या थराने पडलेला होता, त्याच थराने भिंतीत बसवावा लागतो. थर उभा करून बसवला तर पुस्तकाची पाने सुटावीत तसे त्याचे पापुद्रे निघतात.

जुन्या छायाचित्रांत बाथ काळेकुट्ट दिसते, तेही या दगडाच्या स्वभावामुळेच. कोळशाच्या धुरातील गंधकाचा चुनखडकाशी संयोग होऊन जिप्समचा थर धरतो आणि त्यात काजळी अडकते. पाऊस जेथे थेट लागतो तेथे तो थर धुऊन जातो. कंगणीखाली, स्तंभांच्या माथ्याशी, कोरीव कामाच्या आडोशाला मात्र तो साचून राहतो. म्हणून सफाई करतानाही फार जोर लावून चालत नाही. काळा थर खरवडताना त्याखालचा कमकुवत झालेला दगडच निघून येतो.

पाऊलवाट

या सर्व चर्चेत पैसा कोठून आला, हा प्रश्न राहून जातो. त्या काळातील बाथच्या ऐश्वर्यात कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांचा आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कमावलेल्या संपत्तीचा वाटा होता. दिवाणखान्यातील महोगनीचे मेज आणि चहाच्या पेल्यातील साखर गुलामांच्या श्रमातून आलेली होती. प्रमाणबद्धतेचे कौतुक करताना हे विसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

ओसरी

अगदी योग्य मुद्दा आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. वास्तूच्या अंगाने त्याला एक जोड देतो. पहिल्या क्रमांकाच्या घरात १७७६ ते १७९६ या काळात हेन्री सँडफर्ड हे आयर्लंडच्या संसदेचे माजी सदस्य भाड्याने राहत होते. आज ते घर बाथच्या वारसा जतन करणाऱ्या न्यासाचे संग्रहालय आहे आणि खोल्या त्याच काळाप्रमाणे मांडल्या आहेत. मध्यंतरीच्या काळात मुख्य घर आणि त्याला लागून असलेला नोकरांचा विभाग एकमेकांपासून तोडून निराळे करण्यात आले होते. संग्रहालय १९७० च्या सुमारास सुरू झाले, तेव्हा लोकांना प्रामुख्याने मालकाचे घर दिसत होते. दोन्ही भाग पुन्हा जोडून २०१३ मध्ये ते खुले झाले, तेव्हा कुठे हे घर चालत कसे होते हे समजू लागले. घरात दोन जिने आहेत. एक दगडी, ज्याच्या प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत रुतलेले आणि पायरी खालच्या पायरीवर टेकलेली, त्यामुळे दुसऱ्या बाजूला आधार नसतानाही तो हवेत वळत वर जातो. दुसरा अरुंद, नोकरांचा. जळण, गरम पाणी आणि रात्रीची शौचाची भांडी वाहणारा माणूस मालकाच्या नजरेस पडू नये, म्हणून तो जिना होता. घराची दोन तोंडे आतही होती, हे तेथे उभे राहिल्यावर मनाला लागते.

तावदान

पुढची भिंत गावाची असेल, तर दार कोणाचे? सत्तरच्या दशकात बावीस क्रमांकाच्या घरातील बाईंनी आपले दार पिवळे रंगवले. बाकी सर्व दारे पांढरी असल्यामुळे नगरपालिकेने रंग बदलण्याची नोटीस काढली. बाईंनी माघार घेतली नाही, प्रकरण थेट सरकारच्या मंत्र्यापर्यंत गेले आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला. हा निकाल मला पटत नाही. एका दारामुळे इमारत कोसळत नाही हे खरे, पण सुमारे दोनशे वर्षे तीस कुटुंबांनी जे पाळले, ते एकाने मोडायचे ठरवले तर उरलेल्या एकोणतीस जणांनी ते कशासाठी पाळावे?

नदीकाठ

मला तो निकाल पटतो. खिडक्यांचे काठ तोडणारे, पट्ट्या काढणारे, खोल्यांचे तुकडे करणारे निभावून गेले, आणि पाण्याने धुवावा तितक्या सहज बदलता येणाऱ्या रंगावर मात्र खटला झाला. रंग उद्या परत देता येतो. माझ्या दिवाणखान्याची कापलेली कंगणी परत जोडणे त्याहून कितीतरी कठीण आहे.

ओसरी

परत बदलता येण्याजोगे काय आणि न येण्याजोगे काय, ही नदीकाठ यांनी लावलेली कसोटी मलाही योग्य वाटते, आणि दाराच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूने आहे. भिंतीचा करार खरोखर कसाला लागला तो एप्रिल १९४२ मध्ये. जर्मन विमानांनी बाथवर बाँबहल्ले केले, त्यांत चारशेहून अधिक माणसे दगावली. क्रेसेंटमधील दोन आणि सतरा क्रमांकाची घरे आगीत आतून पूर्ण जळाली. छप्पर, मजले, जिने, सारे गेले, आणि दर्शनी भिंत उभी राहिली. पुढे त्या भिंतीमागे नवे घर बांधण्यात आले. आज समोरून कोणालाही ती दोन घरे ओळखता येत नाहीत. म्हणजे वुडने जे केले होते, पुढची भिंत आधी आणि घर नंतर, तेच विसाव्या शतकात पुन्हा करावे लागले.

याच्या उलट गोष्ट साठ-सत्तरच्या दशकांत घडली, आणि तिच्याविषयी मला आजही दुःख वाटते. क्रेसेंट, सर्कस यांसारख्या मान्यवर इमारती सुरक्षित ठेवून गावाने त्यांच्या आसपासची कारागिरांची, दुकानदारांची, धोबिणींची शेकडो साधी जॉर्जियन घरे पाडली. त्यांना स्तंभ नव्हते, कंगणी जेमतेम होती. पण दगड तोच, खिडक्यांची प्रमाणे तीच, आणि बहुधा बांधणारे हातही तेच होते. १९८७ मध्ये बाथला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तोवर ती घरे गेलेली होती. मुख्य नटांना ठेवून बाकीचा ताफा घालवून दिल्यासारखे ते झाले.

पाऊलवाट

नेपथ्य हा शब्द मी मागे घेतो, निदान अर्धा. पुढच्या उन्हाळ्यात तेथे जाण्याचा योग आहे. मागची बाजू पाहायची असेल तर कोठून दिसते?

ओसरी

इमारतीच्या मागून क्रेसेंट लेन नावाची अरुंद गल्ली जाते. दर्शनी भाग दक्षिणेकडे असल्यामुळे तो दिवसभर उन्हात असतो आणि ही गल्ली बहुतेक सावलीत, म्हणून जाडसर कपडे असू द्यावेत. आधी हिरवळीवरून पुढची बाजू मनसोक्त पाहावी, मग टोकाला वळसा घालून मागे जावे. परसबागांच्या भिंतींवरून प्रत्येक घराचा वरचा भाग दिसतो. धुराड्यांच्या ओळी मोजत गेलात, की पुढून न सापडणाऱ्या घरांच्या हद्दी एकेक करून लागू लागतात.